प्रकल्प नोंदी: उसनी गेलेली पुस्तकं आणि माझे पहिले क्लास

५ जानेवारी २०२५, रविवार

घरातली पुस्तकं आज मोजून झाली. ४१२. मी तीनशेच्या आसपास धरून चाललो होतो. त्यांतली पंचवीस-तीस तरी सध्या लोकांकडे आहेत. कोणतं कोणाकडे हे लिहिलेली एक वही होती, तीही कोणीतरी नेली आहे.

म्हणून गेल्या दोन महिन्यांत पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक प्रोग्राम लिहिला. लूप, फंक्शन, लिस्ट (यादी), डिक्शनरी (एकेका नावाखाली एकेक किंमत ठेवायची सोय) एवढ्या शिदोरीवर. तीन याद्या (पुस्तकं, वाचक, उसनवारी) आणि १९ फंक्शनं. चालतो. पण जवळजवळ प्रत्येक फंक्शनला तिन्ही याद्या हातात द्याव्या लागतात, आणि कोणतं फंक्शन कोणत्या यादीत काय बदलतं हे मला आता वाचूनही कळत नाही.

काल त्याने दगा दिला. परत आलेलं पुस्तक अजून बाहेर दाखवत होता. दीड तासाने सापडलं: एका फंक्शनमध्ये मी "परत_तारीख" लिहिलंय, दुसऱ्यात "परतीची_तारीख". डिक्शनरीने तक्रार न करता दोन्ही नावं ठेवून घेतली.

भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फोन केला. म्हणाली, "मामा, आता क्लास शीक. आणि शिकताना कुठे कुठे आपटलास ते लिहून ठेव, मला वाचायला मजा येईल." दुसरं कारण मला पटलेलं नाही, तरी ही वही उघडली.

क्लासवरचे तीन धडे वाचले. तिन्हींत कुत्रा. कुत्रा हा क्लास, मोत्या हा ऑब्जेक्ट, भुंकणे ही मेथड. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेल्या विटा, इथवर समजलं. पण मोत्या भुंकला म्हणून माझं पुस्तक परत आलेलं नोंदलं कसं जाणार, ते तिन्ही धड्यांत कुठेच नाही.

६ जानेवारी, सोमवार, रात्री

पहिला क्लास लिहिला: पुस्तक. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून सगळं मराठीतच. आधी इनिट, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड. तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर, त्यात शीर्षक आणि लेखक. मग दाखव नावाची मेथड. चालवला आणि उत्तर आलं: "टेक्स झीरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन."

मी कंसात काहीच दिलं नव्हतं. तरी "एक दिलं" म्हणतो. अर्धा तास कंसाकडे बघत बसलो.

भाचीने या दोन ओळी लिहायला लावल्या (शब्दकोश हा पुस्तक या क्लासमधून बनवलेला माझा ऑब्जेक्ट):

शब्दकोश.दाखव()
पुस्तक.दाखव(शब्दकोश)

दोन्हींचं उत्तर एकच येतं, फक्त मेथडच्या कंसात पहिलं नाव सेल्फ हवं. पहिली ओळ ही दुसरीचंच सुटसुटीत रूप आहे. टिंबाच्या आधी जो आहे, तोच कंसात पहिला जाऊन बसतो. न दिलेलं ते "एक" म्हणजे शब्दकोशच होता. तीन धड्यांनी जे समजलं नाही ते या दोन ओळींनी समजलं.

सेल्फ हा पायथनचा राखीव शब्द नाही, नुसता प्रघात आहे, हेही कळलं. मग मी "स्वतः" लिहून पाहिलं. विसर्गासकट चालतं! भाचीचा निरोप: "चालतं म्हणून लिहू नकोस. वाचणाऱ्याचा डोळा सेल्फवर बसलेला असतो." ठीक. सेल्फ.

१० जानेवारी, शुक्रवार

आजची चूक आपल्या लिपीची खास. इंग्रजीत क्लासचं नाव मोठ्या अक्षराने आणि व्हेरिएबलचं लहान अक्षराने सुरू करतात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच. मी बिनदिक्कत लिहिलं:

पुस्तक = पुस्तक("व्याकरण")

चाललं. पुढच्याच ओळीत दुसरं पुस्तक बनवायला गेलो, तर "ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल". साहजिकच आहे. पहिल्या ओळीनंतर "पुस्तक" या नावाखाली साचा उरलाच नव्हता, तिथे वीट येऊन बसली होती. विटेतून वीट कशी निघणार? हीच ओळ फंक्शनच्या आत लिहिली तर आणखी वेगळी तक्रार येते: बरोबरच्या चिन्हामुळे पायथन "पुस्तक" हे फंक्शनच्या आतलं नाव धरतो आणि त्याला अजून किंमतच मिळालेली नाही म्हणून अडतो.

नियम केला: क्लास एकटा शब्द, व्हेरिएबल जोडशब्द. पुस्तक हा क्लास; हे_पुस्तक, जुनं_पुस्तक ही व्हेरिएबलं. दिसायला बरं दिसतं.

११ जानेवारी, शनिवार

"वाचणाऱ्याचे_नाव" या नावावर पायथन अडला: न छापता येणारं अक्षर, यू प्लस २००डी. डोळ्यांना काहीच दिसत नाही. शोधल्यावर कळलं की माझा कीबोर्ड "ऱ्या" काढताना साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह घालतो. नावांत ते चिन्ह चालत नाही. ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलं की चालतं. मी मात्र "वाचक" केलं आणि सुटलो. अशा वेळी मराठीत नावं ठेवायचा हट्ट महाग पडतो, पण सोडणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर हात लावला नाही. आज सकाळपासून बसलो आणि दुपारपर्यंत एकच चूक शोधत होतो. ही नीट लिहून ठेवतो.

वाचक नावाचा क्लास. प्रत्येक वाचकाला नाव, पुस्तक ठेवायची मुदत आणि त्याच्याकडे असलेल्या पुस्तकांची यादी. नाव इनिटमध्ये घेतलं. मुदत सगळ्यांची सारखीच आणि यादी सुरुवातीला रिकामीच, म्हणून या दोन गोष्टी क्लासच्या नावाखाली लगेच लिहून टाकल्या:

मुदत = २१
उसनी = []

(वहीत आकडा देवनागरी लिहिलाय, कोडमध्ये तो इंग्रजीच लागतो, देवनागरी अंक पायथन तिथे घेत नाही. पण कीबोर्डवरून टाइप होऊन आलेलं "२१" इंट फंक्शनला दिलं की ते निमूटपणे एकवीस समजतं. हा पंक्तिप्रपंच का, देव जाणे.)

मग दोन वाचक बनवले, भाची आणि शेजारी. भाचीला शब्दकोश दिला. शेजाऱ्याची यादी छापली. त्यात शब्दकोश! शेजाऱ्याला नकाशांचं पुस्तक दिलं, तर ते भाचीच्याही यादीत. तिसरा वाचक नुसता जन्माला घातला, त्याला काहीही न देता, तर तो दोन पुस्तकं हातात घेऊनच आला.

मला वाटलं घे या मेथडमध्ये चूक आहे. ती चार वेळा वाचली. दोन ओळींची मेथड, त्यात चुकायला जागाच नाही. शंका जास्त वाढली ती मुदतीमुळे. मुदतही त्याच ठिकाणी लिहिली होती, आणि भाचीची मुदत ३० केली तर शेजाऱ्याची २१ च राहत होती. शेजारी-शेजारी लिहिलेल्या दोन ओळी, एक शहाण्यासारखी वागते आणि दुसरी नाही.

शेवटी आयडी हे फंक्शन वापरलं. ते प्रत्येक वस्तूचा ओळख क्रमांक सांगतं. भाचीच्या यादीचा आणि शेजाऱ्याच्या यादीचा क्रमांक छापला. लांबलचक आकडा, पण शेवटच्या अंकापर्यंत एकच. यादी एकच होती आणि सगळे तिच्यातच लिहीत होते.

कारण असं. क्लासच्या नावाखाली लिहिलेली गोष्ट क्लासची असते. ऑब्जेक्टकडे एखादं नाव मागितलं की पायथन आधी त्या ऑब्जेक्टकडे बघतो, तिथे नसेल तर क्लासकडे. "भाची.मुदत = ३०" म्हटलं तेव्हा भाचीच्या अंगावर नवीन मुदत तयार झाली आणि क्लासची २१ तशीच राहिली. "भाची.उसनी" मध्ये भर घातली तेव्हा मात्र नवीन काहीच तयार झालं नाही. पायथनने भाचीकडे पाहिलं, नाही सापडलं, क्लासची यादी उचलून दिली आणि मी तिच्यातच पुस्तक टाकलं. बरोबरचं चिन्ह नवीन वस्तू बांधतं, भर घालणं जुन्याच वस्तूला बदलतं.

रिकामी यादी इनिटच्या आत नेली. सेल्फ.उसनी. प्रत्येकाला आपापली. मुदत बाहेरच ठेवली, कारण ती खरोखरच सगळ्यांची आहे.

भाचीला सगळं सविस्तर सांगितलं. तिचं उत्तर: "सगळ्यांना एकदा होतं ते." आधी सांगितलं असतं तर!

२२ जानेवारी, बुधवार

मला वाटत होतं की क्लास आल्यावर "परत_तारीख" सारखी घोडचूक होणार नाही. आज मुद्दाम "हे_पुस्तक.शिर्षक" असं र्‍हस्व लिहून किंमत दिली. काही तक्रार नाही! पायथनने ऱ्हस्व शिर्षकही ठेवून घेतलं, दीर्घही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी हे औषध घेतलं, ते तसंच आहे.

स्लॉट्स नावाची सोय सापडली. क्लासमध्ये आधीच सांगून ठेवायचं की एवढीच नावं चालतील. मग चुकीच्या नावावर लगेच ओरडतो. लावली. भाचीच्या मते ही सोय मुळात मेमरी वाचवण्यासाठी आहे आणि मी तिचा वापर शुद्धलेखनाच्या मास्तरासारखा करतोय. असेल. मला मास्तर हवाच होता.

२५ जानेवारी, शनिवार

नवं दुखणं. पुस्तकाकडे "कोणाकडे" असं एक नाव आहे. वाचकाकडे "उसनी" यादी आहे. पुस्तक देताना दोन्ही ठिकाणी लिहितो. परत घेताना आज फक्त पुस्तकाकडचं पुसलं आणि वाचकाकडचं विसरलो. आता पुस्तक म्हणतं मी घरी आहे, वाचक म्हणतो माझ्याकडे आहे. दोघंही खरं बोलतायत, म्हणजे जे त्यांना सांगितलं ते.

भाची आज घरी आली होती. तिने लॅपटॉप मिटायला लावला आणि टेबलावर कोऱ्या कागदाचे चौकोन कापून ठेवले. एका चौकोनाला एक क्लास. वर नाव, डावीकडे त्याची जबाबदारी, उजवीकडे त्याला कोणाची मदत लागते ते. ही पद्धत १९८९ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रामरांनी मांडली. चौकोन लहानच घ्यायचा, म्हणजे एकाच क्लासवर फार काम लादलं की जागा संपते आणि ते डोळ्यांना दिसतं.

मी पुस्तकाचा चौकोन घेतला आणि लिहायला लागलो: शीर्षक, लेखक, पानं, कप्पा, कोणाकडे, कधी दिलं, कधी येणार. तिने हात धरला.

"मामा, पुस्तकाला काय माहीत कोणाकडे आहे ते?"

"त्याला नाही तर कोणाला?"

"वाचकाला विचार."

"वाचक विसरतो. म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"मग दोघांनाही नको. तू वहीत काय लिहायचास?"

वहीत मी एक ओळ लिहायचो. कोणतं पुस्तक, कोणाला, कधी. परत आलं की त्याच ओळीवर रेघ. म्हणजे वहीत ती ओळ हीच एक स्वतंत्र वस्तू होती. पुस्तकावर मी कधी काही लिहिलं नाही, माणसावर तर नाहीच.

तिसरा चौकोन घेतला आणि वर लिहिलं: उसनवारी. पुस्तकाच्या चौकोनातल्या शेवटच्या तीन गोष्टी खोडल्या, वाचकाच्या चौकोनातली यादी खोडली. वाचकाकडे काय आहे हे हवं असेल तेव्हा उघड्या उसनवाऱ्या चाळायच्या. पुसायला आता एकच जागा आहे.

कुत्र्याच्या धड्यांचा राग आला तो इथे. कुत्रा दिसतो, मांजर दिसते, पुस्तक हातात धरता येतं, म्हणून त्यांचे क्लास सुचतात. उसनवारी दिसत नाही. माझ्या प्रोग्राममधला सगळ्यात कामाचा क्लास हा असा न दिसणारा निघाला.

१ फेब्रुवारी, शनिवार

उसनवारी लिहून झाली. चार नावं: प्रत, वाचक, दिली, परत_आली. दोन मेथडी: बंद_कर आणि उशीर_झाला_का.

"पुस्तक" जाऊन "प्रत" का आली? शब्दकोशाच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक शेजाऱ्याकडे आहे, दुसरी भाचीकडे. "शब्दकोश कोणाकडे आहे?" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, वापरून वेगळे करू म्हटलं, तर तो त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर एकच असतो. आणि तो सगळ्यांवर नसतोही: ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० साली, त्याआधीची माझी बरीच पुस्तकं तशीच. शिवाय २००७ च्या आधी १० आकडी, नंतर १३ आकडी.

ग्रंथालयात प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक देतात, तेच केलं. पुस्तक म्हणजे शीर्षक, लेखक, आवृत्ती. प्रत म्हणजे दाखल क्रमांक, कप्पा, आणि ती ज्याची प्रत आहे ते पुस्तक. प्रतीच्या पोटात पुस्तक ठेवलं, वारसा (एका क्लासचं सगळं दुसऱ्या क्लासला आयतं मिळणं) दिला नाही. भाचीने याला कंपोझिशन म्हटलं. शब्दकोश २०७ आणि २०८. पेन्सिलने आत लिहायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

एकाच शीर्षकाची दोन पुस्तकं ऑब्जेक्ट म्हणून वेगवेगळी बनवली आणि विचारलं, सारखी आहेत का? उत्तर: नाही. आपण काही सांगितलं नाही तर पायथन फक्त "तीच वस्तू आहे का" एवढंच बघतो. सारखेपणा कशावर ठरवायचा ते ईक्यू या मेथडमध्ये लिहायचं. शीर्षक, लेखक, आवृत्ती जुळली की पुस्तक सारखं. प्रतींना ही मेथड दिली नाही. दोन प्रती कधीच "सारख्या" धरायच्या नाहीत.

ईक्यू लिहिल्याबरोबर दुसरीकडे फुटलं: पुस्तकं सेटमध्ये (सारखी वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) जाईनात, "अनहॅशेबल". ईक्यू स्वतः लिहिली की पायथन आधीचा हॅश (वस्तू पटकन शोधण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा) काढून घेतो, कारण सारख्या वस्तूंचा हॅश सारखाच यायला हवा आणि तो कसा काढायचा हे आता फक्त आपल्यालाच ठाऊक. मग हॅशही त्याच तीन गोष्टींवरून. वीस मिनिटांत झालं. हात बसतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, वापरायची मला घाई झाली होती. सगळे धडे त्याच्यावरच संपतात. संधी समोर होती: माझ्याकडे ३७ ई-पुस्तकं आहेत. ई-पुस्तक हे पुस्तकच ना? मग ई-प्रत हा क्लास, प्रतीचा वारस. सगळं आयतं मिळालं. दाखल क्रमांक, कप्पा, दे, परत_घे.

कप्पा? ई-प्रतीला कप्पा नाही. तिथे नन (पायथनचं "काही नाही") ठेवलं. दे? फाइल उसनी देता येत नाही, ती पाठवली तरी माझ्याकडे राहतेच. म्हणून दे या मेथडमध्ये एरर फेकला: "देता येत नाही." मग ज्या ज्या ठिकाणी दे वापरलं होतं तिथे "ई-प्रत असेल तर वगळा" असे जर घातले. चार ठिकाणी. पाचवं ठिकाण विसरलो, ते कप्प्यांप्रमाणे क्रम लावणारं. तिथे नन आणि आकडा यांत लहान कोण हे पायथनला ठरवता येईना आणि सगळी यादीच कोसळली. ४१२ खऱ्या पुस्तकांची यादी ३७ फायलींनी पाडली.

भाचीला चार जर दाखवले. "मामा, जिथे प्रत चालते तिथे प्रतीचा वारस निमूट चालला पाहिजे. प्रत्येक दारात 'हा वेगळा आहे हं' असं सांगावं लागत असेल तर तो वारस नाही." हा नियम संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांनी १९८७ च्या एका भाषणात तो मांडला. त्यांना २००८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, आहे. मी आपला "ई-पुस्तक हे पुस्तकच" या वाक्याच्या भरवशावर होतो. वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे, पण प्रोग्राम व्याकरणावर चालत नाही.

वारसा काढला. आता प्रत आणि फाइल हे दोन स्वतंत्र क्लास, दोघांच्याही पोटात पुस्तक. दोघांनाही ओळ नावाची मेथड आहे. प्रत आपल्या ओळीत दाखल क्रमांक आणि कप्पा लिहिते, फाइल आपल्या ओळीत फोल्डर लिहिते. सूची छापणारा लूप कोणाची जात विचारत नाही, प्रत्येकाला "तुझी ओळ दे" म्हणतो. पॉलिमॉर्फिझम या दांडग्या नावाखाली हेच निघालं. चारही जर गेले.

एका ठिकाणी वारसा टिकला: मासिकाचा अंक. तो पुस्तकाचा वारस, वर फक्त महिना आणि अंक क्रमांक. पुस्तक चालतं तिथे सगळीकडे तो चालतो, कुठेही जर लागला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोड नाही, वाचन. हे सगळं आलं कुठून? ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमधून. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगॉर्ड यांना सिम्युलेशन करायचं होतं, म्हणजे एकाच वेळी चाललेल्या, एकमेकांची वाट पाहणाऱ्या अनेक गोष्टी संगणकात उभ्या करायच्या होत्या. सिम्युला ६७ या त्यांच्या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा हे तिन्ही आहेत. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला, आणि २००२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघंही गेले.

क्लास-ऑब्जेक्टच्या या पद्धतीला "ऑब्जेक्ट-ओरिएंटेड" म्हणतात, ते नाव संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांचं. शिक्षण गणित आणि रेण्वीय जीवशास्त्राचं. त्यांच्या डोळ्यांसमोर पेशी होत्या: आतलं आत ठेवणाऱ्या, बाहेर फक्त निरोप पाठवणाऱ्या. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर स्मॉलटॉक ही भाषा उभी केली. "ऑब्जेक्ट" हा शब्द वापरल्याचं त्यांना पुढे वाईट वाटलं, कारण लोक वस्तूंकडेच बघत बसले आणि खरी गोष्ट, म्हणजे निरोप, मागे पडली.

माझ्या चौकोनांची उजवी बाजू आठवली. कोणाची मदत लागते. तिथे मी सगळ्यात कमी लिहिलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

फाइलमध्ये साठवणं. जेसन (माहिती फाइलमध्ये लिहायची एक पद्धत) माझे ऑब्जेक्ट घेत नाही, त्यांची आधी साधी डिक्शनरी करून द्यावी लागते. केली. फाइल उघडून पाहिली तर मराठी अक्षरांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे. साठवताना "एन्शुअर आस्की" (फक्त साधी इंग्रजी अक्षरं वापरायची सक्ती) बंद केलं की देवनागरी जशीच्या तशी येते. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची रीत, यूटीएफ-८ आहे हेही सांगून टाकलं.

एक छुपी चूक सापडली. उशीर_झाला_का या मेथडला "आज" ही तारीख मी कंसातच आयती देऊन ठेवली होती. ती आयती किंमत मेथड तयार होताना एकदाच काढली जाते, हाक मारताना दर वेळी नाही. प्रोग्राम रात्रभर चालू राहिला आणि सकाळीही त्याच्या लेखी कालचाच दिवस होता. १९ जानेवारीच्या यादीचीच ही चुलत बहीण. आता तारीख बाहेरून देतो. त्याचा फायदा असा की चाचणीत हवी ती तारीख देऊन "बाविसाव्या दिवशी उशीर, एकविसाव्या दिवशी नाही" हे तपासता येतं. अशा ११ चाचण्या लिहिल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

परत_आली या नावाच्या आधी एक अंडरस्कोर लावला. म्हणजे: बाहेरून हात लावू नका, बंद_कर म्हणा. पायथन कुलूप लावत नाही, ही नुसती पाटी आहे. दोन अंडरस्कोर लावले तर तो नाव आतून बदलून ठेवतो, तरी शोधणाऱ्याला सापडतंच. मला पाटी पुरे. घरात दुसरं कोण येणार आहे या कोडमध्ये?

संध्याकाळी पहिल्यांदा खरी माहिती भरून "उशीर झालेले" यादी काढली. सहा ओळी. सगळ्यात वर:

शब्दकोश, प्रत २०८, भाची, १७ दिवस उशीर

फोन लावला. "मामा, मी गेल्याच आठवड्यात परत दिलाय. तूच कपाटात ठेवलास." कपाट उघडलं. शब्दकोश आहे. आत पेन्सिलने २०८.

मग शेजाऱ्याची उसनवारी बघितली. २०७, बंद, तारीख गेल्या आठवड्यातली. २०७ अजून त्याच्याकडेच आहे.

क्लास सगळे बरोबर होते. परत घेण्याचा मेनू मात्र त्या जुन्या १९ फंक्शनांतला, तसाच उचललेला. तो शीर्षक विचारतो, त्या शीर्षकाची पहिली उघडी उसनवारी शोधतो आणि बंद करतो. पहिली शेजाऱ्याची होती. आता शीर्षकाऐवजी दाखल क्रमांक विचारायचा. बदल दोन ओळींचा, चाचणी एक. भाचीची उसनवारी बंद केली, शेजाऱ्याची पुन्हा उघडली. पुन्हा उघडायला मेथड नव्हती, म्हणून माझीच पाटी ओलांडून अंडरस्कोरवाल्या नावाला हात घातला.